अवकाशस्थानक, खाजगी : वाहक अग्निबाणांची निवड

पृथ्वीभोवतीच्या कक्षेत दीर्घकाळ राहणाऱ्या आणि माणसांना वास्तव्याची व कामाची सोय असलेल्या यानास अवकाशस्थानक म्हणतात. जे अवकाशस्थानक सरकारी संस्थेऐवजी व्यापारी कंपनीच्या मालकीचे असून तिच्याच व्यवस्थापनाखाली चालते, ते खाजगी अवकाशस्थानक होय. स्थानक बहुधा अनेक हवाबंद भागांचे मिळून बनलेले असते. अशा प्रत्येक भागास मॉड्यूल म्हणतात. मॉड्यूल जमिनीवर संपूर्ण बांधून व तपासून घेतात आणि नंतर वाहक अग्निबाणाच्या साहाय्याने कक्षेत पाठवितात. हे काम कोणत्या अग्निबाणाकडे सोपवावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वाहतुकीचा वाटतो. प्रत्यक्षात मॉड्यूलचा व्यास, लांबी, वस्तुमान, त्यातील यंत्रसामग्री, स्थानकाची कक्षा आणि ते किती उड्डाणांत उभे करावयाचे, या सर्व गोष्टी त्या निवडीने ठरतात. यामुळे अग्निबाणाची निवड स्थानकाच्या आराखड्याच्या आरंभीच करावी लागते व ती पुढे बदलणे अतिशय खर्चाचे होते.

या प्रश्नाला एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात विशेष महत्त्व आले आहे. १९९८ मध्ये बांधणीस आरंभ झालेले आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक २०३० च्या सुमारास सेवेतून काढून वातावरणात उतरविण्याचे ठरविण्यात आले असून त्यासाठी लागणारे यान बांधण्याचे काम अमेरिकेच्या नासा या संस्थेने जून २०२४ मध्ये स्पेसएक्स या कंपनीस दिले. त्याची जागा घेणारे स्थानक स्वतः न बांधता खाजगी स्थानकांवर जागा भाड्याने घ्यावी, असे नासाचे धोरण आहे. त्यानुसार जानेवारी २०२० मध्ये ॲक्सिअम स्पेस या कंपनीस आंतरराष्ट्रीय स्थानकाला आपली मॉड्यूले जोडण्याची संधी देण्यात आली. डिसेंबर २०२१ मध्ये ब्लू ओरिजिन, नॅनोरॅक्स व नॉर्थ्रॉप ग्रमन या तीन कंपन्यांना स्वतंत्र स्थानकांच्या आराखड्यांसाठी एकूण सु. ४१.५ कोटी डॉलर देण्याचे करार झाले. नोव्हेंबर २००० पासून आंतरराष्ट्रीय स्थानकावर माणसांचे वास्तव्य अखंड चालू आहे. नवी स्थानके वेळेवर कक्षेत पोहोचली नाहीत, तर त्यात खंड पडेल आणि चीनचे तिएन्‌कुंग हे एकच स्थानक उरण्याचा संभव आहे. म्हणून चुकलेल्या निवडीची किंमत एका कंपनीपुरती मर्यादित राहत नाही.

पूर्वेतिहास : आतापर्यंतच्या सर्व मोठ्या स्थानकांचे रूप त्यांच्या वाहक अग्निबाणांनी ठरविलेले आहे. पहिले अवकाशस्थानक सॅल्यूत-१ सोव्हिएट संघाने १९ एप्रिल १९७१ रोजी प्रोटॉन या अग्निबाणाने सोडले. प्रोटॉनची मधली टाकी कारखान्यापासून बैकानूर येथील तळापर्यंत रेल्वेने न्यावी लागत असल्याने तिचा व्यास ४.१ मी. एवढा ठेवावा लागला होता. सॅल्यूत मालिका, मीर आणि आंतरराष्ट्रीय स्थानकाची मोठी रशियन मॉड्यूले ही सर्व सु. ४ मी. व्यासाची व २० टनांच्या आसपासची आहेत, याचे मूळ प्रोटॉनच्या या मर्यादांत आहे. अमेरिकन मॉड्यूले स्पेस शटलच्या भारकक्षातून नेण्यात आली. हा भारकक्ष १८.३ मी. लांब व ४.६ मी. रुंद होता, साहजिकच ही मॉड्यूलेही सु. ४.५ मी. व्यासाचीच झाली.

याउलट स्कायलॅब हे अमेरिकन स्थानक १४ मे १९७३ रोजी सॅटर्न-५ या प्रचंड अग्निबाणाने एकाच उड्डाणात कक्षेत नेले. त्याच्या मुख्य भागाचा व्यास ६.६ मी. आणि एकूण वस्तुमान सु. ७७ टन होते. एका उड्डाणात सु. ३५० घ. मी. जागा उपलब्ध झाली. तुलनेसाठी असे सांगता येईल की, सु. ४२० टनांचे व सु. १,००० घ. मी. दाबयुक्त घनफळाचे आंतरराष्ट्रीय स्थानक बांधण्यास व चालविण्यास १९९८ ते २०११ या काळात शटलची ३७ उड्डाणे आणि त्यांखेरीज रशियन अग्निबाणांची अनेक उड्डाणे लागली. मोठा अग्निबाण घेऊन एकाच खेपेत स्थानक न्यावे की लहान अग्निबाणांनी ते भागाभागाने जोडावे, हा वाद येथूनच सुरू होतो व खाजगी कंपन्यांपुढेही तोच पर्याय आहे.

भारक्षमता व कक्षा : अग्निबाणाची भारक्षमता एका आकड्याने सांगण्याची रूढी आहे, परंतु हा आकडा बहुधा सु. २०० किमी. उंचीच्या व प्रक्षेपणस्थळाला सर्वांत सोयीच्या कक्षेसाठी असतो. स्थानक सु. ४०० किमी. उंचीवर असते व तेथे त्याचा वेग दर सेकंदास सु. ७.७ किमी. असतो. शिवाय कक्षेचे प्रतल विषुववृत्ताच्या प्रतलाशी जो कोन करते त्यावर, म्हणजे कक्षेच्या कलावर, पृथ्वीच्या परिवलनाचा किती लाभ मिळेल हे अवलंबून असते. विषुववृत्तावर पृथ्वीच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदास सु. ४६५ मी. आहे. फ्लॉरिडातील केप कॅनव्हरल (अक्षांश २८.५° उ.) येथून सरळ पूर्वेकडे सोडलेल्या अग्निबाणास त्यापैकी सु. ४०९ मी. वेग आयताच मिळतो. ५१.६° कलाच्या कक्षेसाठी हा लाभ सु. २८९ मी. एवढाच राहतो. हा फरक इंधनाने भरून काढावा लागत असल्याने उपयुक्त भार कमी होतो.

असे असूनही ५१.६° हा कल अनेक योजनांत स्वीकारलेला दिसतो. बैकानूरहून सोडलेल्या अग्निबाणांचे गळून पडणारे टप्पे चीनच्या भूमीवर पडू नयेत, या कारणाने तो मुळात रूढ झाला. आंतरराष्ट्रीय स्थानकाला जोडावयाच्या मॉड्यूलांना तो बंधनकारकच आहे. स्वतंत्र स्थानकांनाही त्याचा उपयोग होतो, कारण अधिक कलाच्या कक्षेतून पृथ्वीचा अधिक भाग दिसतो आणि निरनिराळ्या देशांच्या तळांवरून तेथे पोहोचता येते. व्हास्ट या कंपनीच्या हॅवन-१ या स्थानकासाठीही हाच कल निवडण्यात आला आहे.

भारक्षमतेत आणखी एक घट पुनर्वापरामुळे येते. फाल्कन-९ या अग्निबाणाचा पहिला टप्पा टाकून दिल्यास तो निम्न कक्षेत सु. २२.८ टन भार नेऊ शकतो. हा टप्पा समुद्रातील तराफ्यावर उतरवून पुन्हा वापरावयाचा असल्यास उतरण्यासाठी इंधन राखून ठेवावे लागते व भार सु. १७ टनांपर्यंत खाली येतो. भार अग्निबाणाला ज्या कड्यावर बसविलेला असतो, त्या कड्याची ताकद हीही एक मर्यादा आहे. मॉड्यूल उंच व जड असेल, तर त्याचे गुरुत्वमध्य कड्यापासून वर राहते आणि उड्डाणातील हिसक्यांनी कड्यावर मोठा वाकविणारा ताण येतो. परिणामी जो भार अग्निबाण उचलू शकतो, तो त्याच्या कड्यास पेलेलच असे नाही.

बांधणीच्या काळात मॉड्यूलचे वस्तुमान वाढत जाते, हा अभियंत्यांचा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून आरंभीच्या आराखड्यात भारक्षमतेचा काही भाग राखून ठेवतात. तरीही भार जास्त झाल्यास आतील सामग्री मागाहून पाठविणे हा एक उपाय असतो. ७ फेब्रुवारी २००१ रोजी सोडलेल्या डेस्टिनी या अमेरिकन प्रयोगशाळेत यंत्रसामग्रीच्या २४ मांडण्या बसण्याची सोय होती. परंतु ती कक्षेत गेली तेव्हा तिच्यात पाचच मांडण्या होत्या व उरलेल्या पुढील उड्डाणांतून नेण्यात आल्या. हा उपाय ज्याला स्वस्त मालवाहतूक नियमित उपलब्ध आहे त्यालाच परवडतो.

संरक्षक आवरणाचा व्यास : वातावरणातून जाताना हवेचा दाब, घर्षणजन्य उष्णता व आवाजाचे कंप यांपासून भाराचे रक्षण करण्यासाठी अग्निबाणाच्या टोकाशी दोन फाकींचे आवरण बसविलेले असते. वातावरणाबाहेर पडल्यावर या फाकी गळून पडतात. अवकाशस्थानकाच्या बाबतीत भारक्षमतेपेक्षाही या आवरणाचा आतील व्यास अनेकदा निर्णायक ठरतो, कारण मॉड्यूल हे मुख्यतः पोकळ असते. दंडगोलाचे घनफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लांबी तीच ठेवून व्यास ४.२ मी. वरून ८ मी. केल्यास घनफळ साडेतीन पटींहून अधिक होते.

फाल्कन-९ च्या आवरणाचा बाहेरील व्यास ५.२ मी. असून आत भारासाठी सु. ४.६ मी. व्यास व सु. ११ मी. उंची मिळते. फाल्कन हेवी हा अग्निबाण सर्व टप्पे टाकून दिल्यास सु. ६४ टन भार नेऊ शकतो. तथापि त्याचे नेहमीचे आवरण फाल्कन-९ चेच आहे. त्यामुळे त्याची वाढीव शक्ती एका मोठ्या मॉड्यूलसाठी पूर्णपणे वापरता येत नाही. व्हल्कन व आरिआन-६ या अग्निबाणांची आवरणे ५.४ मी. व्यासाची परंतु अधिक लांब आहेत. न्यू ग्लेन या अग्निबाणाचे आवरण ७ मी. व्यासाचे असून त्याची जाहीर केलेली भारक्षमता ४५ टन आहे. स्टारशिप या ९ मी. व्यासाच्या यानात सु. ८ मी. व्यासाचा भार मावेल असे योजिले आहे.

मोठ्या व्यासाबरोबर जमिनीवरील अडचणीही वाढतात. ४ ते ५ मी. व्यासाचे मॉड्यूल विमानाने किंवा विशेष वाहनावरून नेता येते, ८ मी. व्यासाचे मॉड्यूल सामान्य रस्त्यांवरून नेता येत नाही. त्यासाठी जलमार्ग किंवा प्रक्षेपणस्थळाजवळचा कारखाना लागतो. अग्निबाणावर भार आडवा ठेवून जोडतात की उभा, हेही आराखड्याच्या वेळी माहीत असावे लागते. कारण मॉड्यूलच्या सांगाड्यावर येणारा ताण दोन्ही पद्धतींत वेगळ्या दिशेने येतो.

फुगविता येणारी मॉड्यूले : लहान आवरणातून मोठी जागा नेण्याचा एक मार्ग म्हणजे मजबूत कापडाच्या अनेक थरांचे, घडी घालून नेता येणारे व कक्षेत हवा भरून फुगविता येणारे मॉड्यूल होय. या दिशेने पहिले खाजगी प्रयोग बिगेलो एअरोस्पेस या अमेरिकन कंपनीने केले. तिची जेनिसिस-१ व जेनिसिस-२ ही माणसांविना चालणारी चाचणीयाने अनुक्रमे १२ जुलै २००६ व २८ जून २००७ रोजी नीपर या अग्निबाणाने रशियातील यास्नी येथून सोडण्यात आली. नीपर हा सोव्हिएट काळातील आर-३६एम या आंतरखंडीय क्षेपणास्त्राचे रूपांतर करून बनविलेला असल्याने स्वस्त होता. फुगविल्यावर प्रत्येक यान सु. ४.४ मी. लांब व सु. २.५ मी. व्यासाचे झाले. पुढे रशिया व युक्रेन यांच्यातील संबंध बिघडल्यावर २०१५ नंतर नीपरची उड्डाणे थांबली. स्वस्त अग्निबाणाची उपलब्धता राजकीय परिस्थितीवर किती अवलंबून असते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

याच कंपनीचे बीम हे मॉड्यूल ८ एप्रिल २०१६ रोजी ड्रॅगन मालयानाच्या उघड्या पाठीमागच्या भागात ठेवून फाल्कन-९ ने आंतरराष्ट्रीय स्थानकाकडे पाठविण्यात आले. सु. १.४ टन वस्तुमानाच्या या मॉड्यूलची घडी केलेली लांबी २.२ मी. हून कमी होती. २८ मे २०१६ रोजी ते फुगविल्यावर त्याची लांबी सु. ४ मी. व घनफळ १६ घ. मी. झाले. त्यानंतरच्या ३३० घ. मी. घनफळाच्या बी-३३० या मॉड्यूलसाठी कंपनीने एप्रिल २०१६ मध्ये ॲटलस-५ या अग्निबाणाची निवड जाहीर केली. त्याचे लांब आवरण हे या निवडीचे एक प्रमुख कारण होते. हे मॉड्यूल २०२० मध्ये सोडावयाचे होते. प्रत्यक्षात ते उडाले नाही व मार्च २०२० मध्ये कंपनीने आपल्या सर्व कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले. अग्निबाण योग्य निवडला तरी गिऱ्हाईक व भांडवल यांची उणीव त्याने भरून निघत नाही, हे यावरून दिसते. फुगविता येणाऱ्या मॉड्यूलांचे तंत्र मात्र मागे पडले नाही. सिएरा स्पेस या कंपनीने पूर्ण आकाराच्या कवचांत हवा भरून ती फुटेपर्यंत दाब वाढविण्याच्या चाचण्या त्यानंतर केल्या आहेत.

कक्षेतील अखेरचा प्रवास : अग्निबाण मॉड्यूलला कक्षेत सोडतो, तेथून स्थानकापर्यंत जाऊन जोडले जाण्याचे काम उरते. रशियन मॉड्यूलांत त्यासाठी स्वतःची एंजिने, इंधन व मार्गदर्शन यंत्रणा असते. झार्या (प्रक्षेपण २० नोव्हेंबर १९९८, वस्तुमान सु. १९.३ टन) हे याचे उदाहरण होय. अमेरिकन मॉड्यूलांना हा बोजा वाहावा लागत नसे, कारण शटल त्यांना स्थानकापर्यंत नेऊन यांत्रिक बाहूने जागेवर बसवीत असे. जुलै २०११ मध्ये शटल निवृत्त झाल्यावर ही सोय संपली. आता खाजगी मॉड्यूलला एक तर स्वतःची एंजिने लागतात किंवा त्याला ओढून नेणारे स्वतंत्र यान लागते. रशियाच्या पिर्स (२००१) व प्रिचाल (२०२१) या लहान मॉड्यूलांसाठी प्रोग्रेस मालयानाच्या एंजिन विभागाचा असा उपयोग करून सोयूझ हा मध्यम अग्निबाण पुरेसा ठरला.

स्वतःची एंजिने असलेले मॉड्यूल निर्धोक असतेच असे नाही. २१ जुलै २०२१ रोजी सोडलेल्या नाउका या मॉड्यूलच्या एंजिनांत प्रवासातच अडचणी आल्या. २९ जुलै रोजी जोडणी झाल्यानंतर ती आपोआप सुरू झाली आणि संपूर्ण स्थानक आपल्या स्थितीपासून फिरले. एका उड्डाणात जाणाऱ्या स्थानकाला जोडणीची ही जोखीम प्रथम घ्यावी लागत नाही, हा मोठ्या अग्निबाणाच्या बाजूचा एक महत्त्वाचा मुद्दा आहे.

विश्वासार्हता : सरकारी कार्यक्रमात एखादे मॉड्यूल नष्ट झाले, तर विलंबाने का होईना दुसरे बांधता येते. खाजगी कंपनीजवळ बहुधा एकच मॉड्यूल असते. विमा उतरविला असल्यास पैसे परत मिळतील. गेलेली वर्षे परत मिळत नाहीत. २८ जून २०१५ रोजी फाल्कन-९ चे एक उड्डाण दुसऱ्या टप्प्यातील हेलियमच्या टाकीचा आधार तुटल्यामुळे अयशस्वी झाले. त्यात आंतरराष्ट्रीय स्थानकावर बसवावयाचे पहिले जोडणी-कडे नष्ट झाले. आणखी दोन कडी बांधण्यात आली असल्याने काम अडले नाही, तरी त्यांपैकी शेवटचे बसविण्यास २०१९ साल उजाडले. बीम मॉड्यूलचे उड्डाणही याच अपघातामुळे २०१६ पर्यंत लांबले.

मोठ्या एकखेपी प्रक्षेपणातील धोका दोन घटनांवरून स्पष्ट होतो. स्कायलॅबच्या उड्डाणात सु. ६३ सेकंदांनी उल्काकणांपासून रक्षण करणारी ढाल हवेच्या झोताने उखडली गेली. तिच्याबरोबर एक सौरपंख गेला व दुसरा अडकून बसला. ११ दिवसांनी गेलेल्या अंतराळवीरांनी छत्रीसारखे आच्छादन पसरून व पुढे अडकलेला पंख मोकळा करून स्थानक वाचविले. १५ मे १९८७ रोजी सोव्हिएट संघाच्या एनर्जिया अग्निबाणाने आपले काम चोख केले, परंतु त्यावरील सु. ८० टनांचे पॉल्यूस हे यान स्वतःचे एंजिन पेटविण्यापूर्वी चुकीच्या दिशेस वळले व समुद्रात पडले. सर्व भार एकाच खेपेत नेल्यास जोडणीचे धोके टळतात. मात्र उरलेला धोका सगळा त्या एका दिवसावर येऊन पडतो.

यामुळे अग्निबाणाच्या उड्डाणांची संख्या हा निवडीचा मोठा निकष आहे. फाल्कन-९ ची २०२४ या एका वर्षात शंभराहून अधिक उड्डाणे झाली. त्या वर्षी जुलैमध्ये वरच्या टप्प्यात बिघाड होऊनही सु. दोन आठवड्यांत उड्डाणे पुन्हा सुरू झाली. व्हल्कन (८ जानेवारी २०२४), आरिआन-६ (९ जुलै २०२४) व न्यू ग्लेन (१६ जानेवारी २०२५) यांची पहिली उड्डाणे अलीकडची आहेत. स्टारशिपची एप्रिल २०२३ ते ऑक्टोबर २०२५ या काळात अकरा चाचणी उड्डाणे झाली. त्यांपैकी एकातही उपयोगाचा भार पृथ्वीभोवतीच्या टिकाऊ कक्षेत सोडण्यात आला नव्हता.

खर्च : स्पेसएक्सने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या दरांनुसार फाल्कन-९ चे एक उड्डाण ६.७ कोटी डॉलर आणि फाल्कन हेवीचे ९.७ कोटी डॉलर होते. स्टारलॅब स्थानकाच्या प्रक्षेपणासाठी सु. ९ कोटी डॉलर देण्याचे ठरल्याचे या योजनेतील प्रमुख कंपनी व्हॉयेजर हिने २०२५ मध्ये भागविक्रीच्या वेळी जाहीर केले. त्याच वेळी संपूर्ण स्थानकाचा खर्च २८० ते ३३० कोटी डॉलर येईल असा अंदाज दिला होता. म्हणजे प्रक्षेपणाचा वाटा एकूण खर्चाच्या सु. तीन टक्के एवढाच येतो. मूल्यवान भारासाठी अग्निबाण निवडताना दरातील थोड्या फरकाला फारसे महत्त्व उरत नाही, हे या आकड्यांवरून दिसून येते. आवरणाच्या व्यासामुळे मात्र मॉड्यूलांची संख्या बदलते. प्रत्येक जादा मॉड्यूलबरोबर दारे, जोडण्या, नळ, तारा व चाचण्या यांचा खर्च वाढतो. खरी बचत किंवा उधळपट्टी येथे होते.

प्रस्तुत योजना : वर सांगितलेल्या निकषांना निरनिराळ्या कंपन्यांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. व्हास्टने हॅवन-१ हे फाल्कन-९ च्या मापातच बसविले आहे. त्याचा व्यास ४.४ मी., लांबी सु. १० मी. व वस्तुमान सु. १४ टन असून चार प्रवासी थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी ड्रॅगन यानाने तेथे जातील. हे स्थानक एका उड्डाणात जाणारे व लहान असल्याने त्यासाठी अनुभवसिद्ध अग्निबाण पुरतो. तथापि दीर्घ वास्तव्यास ते अपुरे आहे. त्याचे २०२५ मध्ये योजिलेले प्रक्षेपण लांबणीवर पडले. विलंबाचे कारण अग्निबाण नसून मॉड्यूलचीच बांधणी हे होते. ॲक्सिअमने आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या आधाराने एकेक मॉड्यूल जोडण्याचा मार्ग धरला असून त्यांचे सांगाडे इटलीतील तूरिन येथे बनविले जात आहेत.

स्टारलॅबची योजना याच्या अगदी उलट आहे. आरंभी ती नॅनोरॅक्स कंपनीची व फुगविता येणाऱ्या मॉड्यूलाची होती. पुढे एअरबस सहभागी झाल्यावर धातूच्या एकाच रुंद मॉड्यूलचा आराखडा स्वीकारण्यात आला व ३१ जानेवारी २०२४ रोजी स्टारशिपची निवड जाहीर झाली. संपूर्ण स्थानक जमिनीवरच जोडून तपासता येईल व पहिल्या उड्डाणानंतर लवकरच वापरता येईल, हा तिचा लाभ आहे. मात्र एवढ्या व्यासाचे मॉड्यूल दुसऱ्या कोणत्याही प्रचलित अग्निबाणात मावत नसल्याने स्टारशिपच्या प्रगतीवर त्याचे भवितव्य पूर्णपणे अवलंबून आहे. ब्लू ओरिजिन व सिएरा स्पेस यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केलेली ऑर्बिटल रीफ ही योजना न्यू ग्लेनच्या ७ मी. आवरणाभोवती आखलेली आहे. नॉर्थ्रॉप ग्रमनने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपला स्वतंत्र आराखडा सोडून स्टारलॅबमध्ये भाग घेतला.

एकाच अग्निबाणावरील अवलंबन : १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया शटलचा अपघात झाल्यावर आंतरराष्ट्रीय स्थानकाची बांधणी सप्टेंबर २००६ पर्यंत बंद राहिली. शटलच्या मापाने बांधलेली मॉड्यूले तयार असूनही दुसऱ्या अग्निबाणाने नेता येत नव्हती. स्थानक चालू राहिले, ते सोयूझ व प्रोग्रेस ही दुसरी वाहने असल्यामुळे. युक्रेन युद्धामुळे अँटारीझ या अग्निबाणाची एंजिने व पहिला टप्पा मिळेनासा झाल्यावर सिग्नस मालयान जानेवारी २०२४ पासून फाल्कन-९ ने पाठविण्यात येऊ लागले. सिग्नस दोन्हींत मावत होते म्हणून हा बदल शक्य झाला. आराखड्यात मॉड्यूलचे माप एकाहून अधिक अग्निबाणांना चालेल असे ठेवणे हा यापासून मिळणारा धडा आहे. त्यासाठी काही जागा व भार यांवर पाणी सोडावे लागते आणि नेमका हाच त्याग स्पर्धेत उतरलेल्या कंपन्यांना जड जातो. अग्निबाण, प्रवासीयान आणि कधीकधी दळणवळण या तिन्हींसाठी अनेक योजना एकाच कंपनीवर अवलंबून असल्याने त्या कंपनीच्या अग्निबाणावरील बंदी एकाच वेळी सर्वांना अडवू शकते.

अग्निबाणाच्या टाकलेल्या टप्प्यांची जबाबदारी हाही निवडीचा एक भाग होय. चीनने तिएन्‌ह हे २२.५ टनांचे मॉड्यूल २९ एप्रिल २०२१ रोजी लाँग मार्च-५बी ने सोडले. या अग्निबाणाचा मोठा मधला टप्पाच कक्षेत जात असल्याने तो नियंत्रणाविना खाली आला व ९ मे रोजी हिंदी महासागरात पडला. वरचा टप्पा ठरविलेल्या ठिकाणी उतरविण्यासाठी इंधन राखून ठेवावे लागते. हे इंधनही भारक्षमतेतून वजा करूनच मॉड्यूलचे वस्तुमान ठरविले पाहिजे.

भारत : भारतीय अंतरिक्ष स्थानकाची योजना सरकारी आहे, परंतु तिलाही हेच गणित लागू पडते. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्या पहिल्या मॉड्यूलला मान्यता दिली असून ते २०२८ मध्ये सोडण्याचे उद्दिष्ट आहे. हे मॉड्यूल सु. १० टनांचे, तर एलव्हीएम-३ या सर्वांत मोठ्या भारतीय अग्निबाणाची निम्न कक्षेतील भारक्षमता सु. ८ टन आहे. म्हणून केरोसीन व द्रवरूप ऑक्सिजन वापरणारा नवा टप्पा बसवून तिची शक्ती वाढविण्याचे काम मॉड्यूलच्या बरोबरीनेच चालू आहे. कक्षेत जाणारे घर आणि त्याला नेणारे वाहन ही एकाच आराखड्याची दोन अंगे आहेत, हे येथेही दिसून येते. ज्या योजनेत वाहन अजून सिद्ध व्हावयाचे आहे, तिच्या घराची तारीखही त्या वाहनाच्या पहिल्या यशस्वी उड्डाणांपर्यंत अनिश्चितच राहते.